पोकरमधला संयम: आधी पैशाचं माप, मग पत्ते

पोकर शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगतं, "घाई करू नकोस, चांगल्या पानांची वाट पाहा." तो मान डोलावतो आणि अर्ध्या तासात सत्ती-दश्शी घेऊन डावात शिरलेला असतो. याचं खापर आपण स्वभावावर फोडतो. माझं मत वेगळं आहे. टेबलावर समोर ठेवलेला पैसा चुकीच्या मापाचा असला की भल्याभल्यांचा संयम सुटतो. रक्कम फार छोटी असेल तर माणूस कंटाळून खेळतो आणि फार मोठी असेल तर घाबरून. म्हणून या लेखात आधी पैशाची मांडणी आहे आणि पत्ते नंतर. क्रम उलटा वाटला तरी तसाच वाचा.

हे लिहितोय ते मुख्यतः इंदूरच्या आपल्या मंडळींसाठी. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इकडच्या घरांत मेंढीकोट आणि रमी जुनीच, दिवाळीत तीन पत्तीही ठरलेली. पोकर मात्र पुण्या-बंगळुरूला नोकरीसाठी गेलेल्या मुलांनी घरी आणलं. नियम त्यांना येतात, हात कुठला मोठा तेही पाठ असतं. पैसे कसे सांभाळायचे हे मात्र कोणी शिकवलेलं नसतं.

कुठे खेळायचं, याचा निकाल आधी लावा

मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळण्याचा विषय आता संपला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यासाठी पैशांची देवघेव करून देणं या सगळ्यावर बंदी आली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्या कायद्यात उरलेला नाही. तरीही कोणी परदेशी ॲपची लिंक पाठवून "भिया, हे चालतं" म्हणत असेल, तर तिथे अडकलेला पैसा परत मागायला तुमच्यापाशी दारच नसतं, एवढं लक्षात ठेवा.

घरी पैसे लावून खेळणंही निर्धोक नाही. मध्य प्रदेशात १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा लागू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर त्यात बसतं का यावर न्यायालयांचं एकमत नाही. शेजारच्या गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगारात धरलं, इतर काही उच्च न्यायालयांनी ते कौशल्याचं मानलं. या वादात आपल्या दिवाणखान्याची चाचणी कशाला करायची? शिवाय घरच्या डावांत रोख क्वचितच असते. "हिशोब सोमवारी करू" म्हणत उधारीवर चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, वाटल्या जातात, आणि उधारीच्या चिप्सवर संयम ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग उरतात दोन रस्ते: घरी बिनपैशाची लीग, आणि वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी गोवा. तिथे मांडवीतल्या जहाजांवर परवान्याने टेबलं चालतात. आत जायला वय २१ पूर्ण लागतं. या दोन्हींसाठी पैशाचे नियम वेगवेगळे आहेत.

भांडवल की खर्च?

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. तुम्ही पोकरसाठी बाजूला काढलेला पैसा हे भांडवल आहे की खर्च? बहुतेकांनी हा प्रश्न स्वतःला कधी विचारलेलाच नसतो.

भांडवल म्हणजे ज्याला पोकरवाले बँकरोल म्हणतात ते: फक्त खेळासाठी वेगळी ठेवलेली रक्कम, जी जिंकल्यावर वाढते, हरल्यावर घटते आणि पगारातून भरली जात नाही. ते किती असावं याचा रूढ ठोकताळा असा. कॅश गेमसाठी, म्हणजे जिथे चिप्स थेट पैशांच्या असतात आणि केव्हाही उठता येतं, निदान २० ते ४० बाय-इन, टूर्नामेंटसाठी, म्हणजे प्रवेश फी भरून खेळायच्या स्पर्धेसाठी, १०० च्या आसपास. बाय-इन म्हणजे एका वेळी टेबलावर घेऊन बसायची रक्कम, साधारण १०० बिग ब्लाइंड. ब्लाइंड म्हणजे पानं पाहण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने लावायची रक्कम, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड.

आता आकडे घालून पाहू. समजा ब्लाइंड ५०/१०० रुपये आहेत. एक बाय-इन १०,००० चा झाला. ३० बाय-इन धरले तर ३ लाख. आपल्यापैकी किती जणांकडे केवळ पत्त्यांसाठी ३ लाख मोकळे आहेत? घराचा हप्ता, मुलांची फी, आईचं औषधपाणी काढल्यावर? नसतील, तर तुमच्याकडे बँकरोल नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. तुमचा पैसा हा खर्च आहे, सहलीच्या तिकिटासारखाच गेलेला धरायचा. गडबड होते ती २५ हजार घेऊन गेलेला माणूस व्यावसायिकासारखा वागायला लागतो तेव्हा. "आज नाही तर उद्या भरून निघेल" हे वाक्य ३० बाय-इनवाल्याने म्हणायचं असतं. अडीच बाय-इनवाल्याकडे तो उद्या नसतो.

खर्चवाल्यांसाठी पद्धत सोपी आहे. सहलीला निघण्यापूर्वी आकडा ठरवा आणि तो घरात सांगा. बायकोला, नवऱ्याला, आईला मोठ्याने सांगता येत नाही तो आकडा जास्तच आहे. मग त्याचे बसण्यांप्रमाणे भाग करा. तीन रात्री खेळणार असाल तर तीन पाकिटं, रोज एकच पाकीट बरोबर. कार्ड हॉटेलच्या तिजोरीत आणि यूपीआयची दिवसाची मर्यादा आदल्याच दिवशी बँकेच्या ॲपमधून खाली आणलेली. हे बालिश वाटेल, पण रात्री दीड वाजता हरलेल्या डोक्याला जी गोष्ट करायला वीस मिनिटं लागतात ती बऱ्याचदा होतच नाही. मित्राकडून टेबलावर उसने घ्यायचे नाहीत, द्यायचेही नाहीत.

भांडवलवाल्यांसाठी एक नमुना सांगण्यासारखा आहे. क्रिस फर्ग्युसन या अमेरिकन खेळाडूने शून्य डॉलरपासून सुरुवात करून, ऑनलाइन फुकट प्रवेशाच्या स्पर्धा खेळत, २००७ पर्यंत १०,००० डॉलर केले. त्याचे नियम असे: कॅश गेममध्ये एकूण रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही, मोठ्या टूर्नामेंटला २ टक्क्यांहून जास्त द्यायचे नाहीत, आणि टेबलावरचा ढीग एकूण रकमेच्या १० टक्क्यांवर गेला की उठायचं. अगदी तळाच्या टेबलांपुरती त्याने सवलत ठेवली होती, नाहीतर शून्यातून सुरुवातच झाली नसती. गंमत म्हणजे तो ज्या फुल टिल्ट पोकर कंपनीच्या संचालकांपैकी होता, ती २०११ मध्ये खेळाडूंचे जमा पैसे परत करू शकली नाही. नियम मात्र चांगलेच आहेत.

यातला अवघड नियम म्हणजे खालच्या टेबलावर उतरणं. भांडवल घटलं की ५ टक्केही घटतात, मग छोट्या ब्लाइंडच्या टेबलावर जावं लागतं. लोकांना त्याची लाज वाटते. म्हणून उतरण्याचा आकडा आधीच लिहून ठेवावा: अमुक रकमेखाली गेलो की अमुक टेबल. हरलेल्या रात्री त्यावर चर्चा करायची नाही.

एवढं मोठं भांडवल कशाला?

कारण चांगला खेळाडूही लांबच लांब हरत राहतो. समजा तुम्ही खरोखर चांगले आहात आणि १०० हातांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड कमावता. नो-लिमिट होल्डममध्ये, म्हणजे पोकरच्या ज्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, मध्ये पाच सामाईक पानं उघडतात आणि रक्कम लावायला वरची मर्यादा नसते त्यात, १०० हातांमागची वरखाली साधारण ९० बिग ब्लाइंड धरली जाते. खऱ्या टेबलावर तासाला २५ ते ३० हात होतात, म्हणजे ३,००० हातांना शंभरेक तास. गणित केलं तर एवढे तास चांगलं खेळूनही तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के निघते. ३०,००० हातांनंतर, म्हणजे हजारेक तासांनंतरही, ती १७ टक्के उरते. आणि यात कॅसिनोचा रेक, म्हणजे प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या रकमेतून) कापला जाणारा हिस्सा, धरलेला नाही. तो धरला तर ५ ची कमाई टिकवणंच कठीण.

हा आकडा मनात पक्का बसला की दोन भ्रम सुटतात. गोव्याच्या तीन रात्रींत जिंकलात तर तुम्ही चांगले आहात, हा एक. तीन रात्री हरलात म्हणजे खेळ येत नाही, हा दुसरा. तीन रात्रींवरून यातलं काहीच कळत नाही.

स्टू उंगर हे नाव पोकरवाल्यांना माहीत असतं. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा त्याने १९८०, १९८१ आणि १९९७ साली जिंकली. पत्त्यांच्या समजेत त्याच्या तोडीचे फार थोडे झाले. जिंकलेलं सगळं तो घोड्यांवर, खेळांच्या सट्ट्यावर आणि अमली पदार्थांवर घालवत राहिला. १९९८ च्या नोव्हेंबरात व्हेगासमधल्या एका स्वस्त मोटेलमध्ये तो वारला, तेव्हा वय ४५ होतं आणि मागे काही शिल्लक नव्हतं.

घरची लीग

बिनपैशाच्या पोकरला लोक नाकं मुरडतात आणि त्यांचं कारण खरं आहे. चिप्स फुकट असल्या की दुसऱ्याच हातात सगळे ऑल-इन, म्हणजे असतील नसतील त्या सगळ्या चिप्स पुढे. पण यात दोष रुपये नसण्याचा नाही, चिप्स पुन्हा पुन्हा भरून मिळतात याचा आहे. भरणं बंद करा आणि पाहा. शनिवारी रात्री जमणाऱ्या सहा-आठ जणांसाठी मी ही रचना सुचवतो.

दिवाळीच्या पाडव्याला नवी वही काढा. प्रत्येकाच्या नावावर वर्षाचे २,००० गुण, ब्लाइंड अर्धा आणि एक, एका बैठकीचा बाय-इन १००. म्हणजे प्रत्येकाकडे बरोबर २० बाय-इन झाले. एका रात्री जास्तीत जास्त दोन. खातं १,००० च्या खाली गेलं की पुढचा बाय-इन फक्त ५० चा, आणि हेच ते खाली उतरणं. खातं शून्यावर आलं की पुढच्या पाडव्यापर्यंत खेळ बंद. त्या माणसाने पानं पिसायची, वाटायची, ब्लाइंडवर लक्ष ठेवायचं. गुणांची उसनवारी नाही, वाढदिवसाची सवलत नाही.

पहिले दोन शनिवार हशा होतो. मग कोणाचं तरी खातं ९०० वर येतं आणि टेबलाचं वातावरण बदलतं. जो काका प्रत्येक हातात "बघू तरी" म्हणत कॉल करायचा (समोरच्याएवढी रक्कम लावायचा), तो पानं उचलून पाहतो, पुन्हा पाहतो आणि टाकतो. वर्षाच्या विजेत्याला काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. छप्पन दुकानच्या नाश्त्यावर आग्रहाने मानाचा पाहुणा करा, गुणांचा आणि रुपयांचा संबंध जोडू नका.

पानं टाकायची कशी

आता पत्ते. होल्डममध्ये सुरुवातीच्या दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते, म्हणजे खऱ्या टेबलावर साधारण आठ तासांनी. नऊ जणांच्या टेबलावर एका फेरीला दीड बिग ब्लाइंड जातो, तासाला तीन फेऱ्या धरल्या तर साडेचार. केवळ एक्क्यांची वाट पाहत बसाल तर तोवर ३६ बिग ब्लाइंड ब्लाइंडमध्येच जातील, आणि तुम्ही एकदाचे रेज केलंत (रक्कम वाढवलीत) की सगळे उठून पाणी प्यायला जातील. तेव्हा नुसतं थांबून भागत नाही, कुठे बसून काय टाकायचं हे ठरलेलं लागतं.

नवख्याने सुरुवातीला एवढंच धरावं. ब्लाइंडच्या लगेच पुढे बसला असाल तर सत्तीच्या जोडीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एकाच जातीचे एक्का-गुलाम किंवा राजा-राणी. बाकी सगळं टाका. हे १०० हातांत जेमतेम सात हात होतात. डीलरच्या जागेवर असाल आणि तुमच्यापर्यंत सगळ्यांनी टाकलं असेल, तर चौथा हिस्सा हात खेळायला हरकत नाही: छोट्या जोड्या, एकाच जातीचा एक्का, लागोपाठची एकाच जातीची पानं. कारण त्या जागेवर तुम्ही फ्लॉपनंतर, म्हणजे पहिली तीन सामाईक पानं उघडल्यावर, सगळ्यांच्या शेवटी बोलता, आणि दुसऱ्यांनी काय केलं ते पाहून ठरवता येतं. तीन पत्तीची सवय असलेल्यांना इथे त्रास होतो, कारण तिथे थोड्या पैशांत टिकून राहण्यालाही मोल असतं.

छोटी जोडी घेऊन फ्लॉप पाहायचा असेल तर तिसरं पान जुळण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास, साडेआठांतून एकदा. म्हणून कॉलच्या निदान पंधरापट रक्कम समोरच्याकडे आणि तुमच्याकडे शिल्लक असेल तरच तो कॉल परवडतो. नाही जुळलं तर सोडा. इथे बरेच जण अडकतात.

संयमाची खरी कसोटी मात्र फ्लॉपनंतर असते, कारण तोवर पैसे गुंतलेले असतात. उदाहरण घ्या. टर्नला, म्हणजे चौथं सामाईक पान उघडल्यावर, पॉटमध्ये ६०० आहेत, समोरचा ३०० लावतो. तुमच्याकडे चार बदाम आहेत, पाचवा आला तर फ्लश (पाचही पानं एकाच जातीची). कॉल ३००, त्यानंतर पॉट १,२०० चा. म्हणजे कॉल परवडायला निदान २५ टक्के शक्यता हवी. उरलेल्या ४६ पानांत बदाम नऊ, म्हणजे १९.६ टक्के. टाका. फ्लश लागल्यावर समोरचा आणखी बरंच देईल याची खात्री असेल तरच अपवाद. हा भागाकार टेबलावर बसून जमत नसेल तर घरच्या लीगमध्ये मोठ्याने बोलून करा, महिन्याभरात तोंडपाठ होतो.

आपल्याच इंदूरला जन्मलेला राहुल द्रविड ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू सोडायचा, तेव्हा तो काही करत नसे असं कोणी म्हणेल का? प्रत्येक सोडलेल्या चेंडूत तो गोलंदाजाचा टप्पा, स्विंग, थकवा वाचत असे. पानं टाकल्यावर मोबाइल काढू नका. कोण ब्लाइंडमधून कायम कॉल करतो, कोण फक्त पक्का हात असला की मोठी रक्कम लावतो, कोण हरल्यावर लगेच पुढचा हात खेळतो, हे पाहा. दोन तासांत अशी चार निरीक्षणं जमली तर ती टाकलेली पानं वसूल झाली.

टूर्नामेंटमध्ये हे सगळं थोडं बदलतं. तिथे ब्लाइंड वाढत जातात, आणि तुमच्याकडे १०-१२ बिग ब्लाइंड उरल्यावर वाट पाहणं महाग पडतं. तेव्हा बऱ्या पानांवर पहिले होऊन सगळं लावणंच योग्य.

डोकं तापलं की

एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर साधारण ८२ टक्के जिंकते. म्हणजे पाचांतून जवळजवळ एकदा हरते. चार परक्या हातांसमोर तेच एक्के ५६ टक्क्यांवर येतात. हे कागदावर सगळ्यांना मान्य असतं. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या सामाईक पानाला, राजा उतरल्यावर नसतं, आणि मग जे होतं त्याला टिल्ट म्हणतात: पुढचे तीन हात न बघता खेळणं, ज्याने हरवलं त्याच्याच मागे लागणं, रक्कम दुप्पट करत जाणं.

त्यावर इच्छाशक्तीने मात करण्याच्या फंदात पडू नका. आधी लिहिलेले नियम लावा. ५० बिग ब्लाइंडहून मोठा पॉट गेला की उठायचं आणि ब्लाइंडची एक पूर्ण फेरी बाहेर काढायची. दोन बाय-इन गेले की त्या रात्रीपुरतं संपलं. ठरलेली वेळ झाली की हरत असो वा जिंकत असो, उठायचं.

दोन बाय-इनची मर्यादा लावल्याने पत्त्यांची शक्यता तसूभरही बदलत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पुढचा हात तुम्ही आज खेळा की महिन्याने, एक्के तेवढेच येणार. बदलतो तो खेळणारा. दोन बाय-इन हरलेला माणूस सहसा संध्याकाळी बसला होता तो राहिलेला नसतो, म्हणून ही मर्यादा. हाच न्याय दारूलाही लावा. गोव्याच्या जहाजांवर ती सहज समोर येते, ती खेळ संपल्यावर.

वही

प्रत्येक बैठकीनंतर, झोपण्यापूर्वी, पाच गोष्टी लिहा: तारीख, ब्लाइंड, किती तास, किती घेऊन बसलात, किती घेऊन उठलात. सहाव्या रकान्यात एक हात, ज्यात निर्णयाबद्दल शंका आहे. जिंकलेला असला तरी चालेल, उलट जिंकलेल्या हातांतल्या चुका शोधणं जास्त उपयोगाचं. सातवा रकाना माझा आवडता: नियम मोडला का, हो किंवा नाही. वर्षाअखेर पैशाच्या बेरजेआधी हा रकाना वाचा. वर सांगितल्याप्रमाणे बेरजेवर नशिबाचा पगडा मोठा असतो, "हो" मात्र सगळे तुमचे.

गोव्यात जिंकलात तर कराचंही याच वहीत लिहा. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर लागतो, वर उपकर वेगळा, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. शुक्रवारी ४० हजार जिंकून शनिवारी ४० हजार हरलेल्याचा हिशोब शून्य नसतो, हे आपल्या सीएकडून आधीच समजून घ्या.

आणि वहीच खोटी लिहाविशी वाटायला लागली, घरात आकडा लपवला गेला, हरलेले काढण्यासाठी कर्ज किंवा कोणाचे दागिने डोळ्यांसमोर आले, तर वरचं काहीही लागू होत नाही. तिथे बाय-इन छोटा करून भागत नाही, खेळ पूर्ण थांबवावा लागतो आणि कोणाशी तरी बोलावं लागतं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत, हिंदी-मराठीसह अनेक भाषांत मिळते. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.